विंगेतले आजोबा

३ जुलै

प्रिय ताईस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणून तू मनातल्या मनात मला किती बोल लावले असशील ते इथे बसून ऐकू येतंय. लाव, पण आधी हे वाच.

घरचं सगळं तसं ठीक. हे रोज कुणाच्या ना कुणाच्या बंद पडलेल्या लिफ्टखाली, आणि संध्याकाळी घरी येतात ते ग्रीसने माखून. अण्णांचा खोकला कमी आहे, आवाज मात्र आहे तेवढाच आहे. मी दुकानात लोकांना चष्मे लावते आणि घरी येऊन माझाच चष्मा शोधते. भिंगरीचा पुढचा दात पडला. आठव्या वर्षी ती म्हातारीसारखी हसते आणि त्याचा तिला फार अभिमान आहे.

आता खरं ते. ताई, भिंगरीला वाचता येत नाही. लिहून टाकलं एकदाचं.

तू म्हणशील, अगं ती तर पुस्तकच्या पुस्तक घडाघडा म्हणते. म्हणतेच! पान बरोबर जागी उलटते, राक्षसाला वेगळा आवाज काढते, राजकन्येला वेगळा. रोज संध्याकाळी अण्णा समोर बसतात आणि दोघांची ती वाचनाची मैफल चालते. आम्ही सगळे कौतुकाने ऐकत होतो. गेल्या आठवड्यात तिच्या वर्गाच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. तरुण पोरगी आहे, पण बोलणं शांत. म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, एकदा ऐकलेली गोष्ट विसरत नाही, पण कागदावरचे शब्द तिच्या हाती लागत नाहीत. नवीन काही वाचायला दिलं की तिचं पोट दुखतं. दर वाचनाच्या तासाला दुखतं. दोन वर्षं मी तिला पोटाची औषधं पाजतेय गं!

माझा विश्वास बसेना. वाटलं डोळे अधू असतील, तो तर आपला धंदाच. दुकानात नेलं, तक्त्यासमोर बसवलं. पोरीने वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं म्हणून दाखवली, अगदी शेवटची मुंगीएवढी ओळसुद्धा. मी खूश! आणि मग लक्षात आलं की ती तक्त्याकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. तक्ता तर मी त्याच दिवशी सकाळी बदलला होता. शाळेतून आल्यावर ती दुकानात स्टुलावर बसते ना, तेव्हा गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकून ऐकून जुना तक्ता तिला पाठ झालाय. तोच तिने म्हटला. हसू की रडू ते कळेना, म्हणून गिऱ्हाइकाची फ्रेम पुसत उभी राहिले.

बाई म्हणाल्या, मूल्यमापन केंद्रात तिची तपासणी करून घ्या. त्यासाठी आईबापांनी लेखी विनंती करावी लागते. तपासणीत गरज दिसली की शाळेला वेगळी शिक्षिका द्यावीच लागते, परीक्षेत वेळ जास्त मिळतो, प्रश्न वाचून दाखवायला माणूस मिळतो. अहवाल नसेल तर यातलं काही नाही. आणि मुख्याध्यापकांनी बजावलंय की वर्षअखेरीपर्यंत वाचता आलं नाही तर तिला खालच्या वर्गात, चिल्ल्यापिल्ल्यांत बसवणार.

अण्णांनी घर डोक्यावर घेतलं. माझ्या नातीला वेडी ठरवायला निघालीस का, म्हणाले. एकदा कागदावर चढलं की जन्मभर उतरत नाही, म्हणाले. हे म्हणतात, तू ठरवशील ते. ही माणसं लिफ्टचा बिघाड एका कानाने ओळखतात आणि घरातलं सगळं बायकोवर सोडतात. अर्ज लिहायला बसते आणि पेन खाली ठेवते. तूच सांग काय करू.

भावजींना नमस्कार. तुझी माया आहेच, जरा धीरही पाठव.

तुझी
धाकटी


९ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि आधी पोटभर रडले, मग तक्त्याचा प्रसंग तुझ्या भावजींना वाचून दाखवताना पोटभर हसले. काय डोकं आहे गं पोरीचं! ज्याला वाचता येत नाही त्याला असा आख्खा तक्ता पाठ करून दुनियेला चकवायला किती मेहनत पडत असेल, विचार कर. आपण वाचून मोकळे होतो. ती बिचारी दिवसभर लपवण्याच्या कामावर असते. पोट दुखणारच.

अर्ज आज लिही. उद्या नाही, आज. आणि थोडी मागे आहे, जरा लक्ष द्यावे, असलं गुळमुळीत लिहू नकोस. काय होतं ते जसंच्या तसं लिही. नवीन पान दिलं की काय करते, पोट कधी दुखतं, तक्ता कसा म्हटला, सगळं. इथे इस्पितळात प्लास्टरच्या खोलीत रोज बघते मी. पोराचा पाय मोडलेला असतो आणि आई म्हणते, तसं फार काही नाही, जरासा लचकलाय. बाई गं, तू जरासा म्हटलंस म्हणून हाड जरासं मोडत नाही.

अण्णांचं मनावर घेऊ नकोस. त्यांना वेडं आणि अडलेलं यातला फरक कळत नाही असं नाही, त्यांना भीती वाटतेय. जन्मभर विंगेत उभं राहून नटांना विसरलेले शब्द पुरवले त्या माणसाने. कुणी सगळ्यांसमोर अडखळलं की त्यांच्याच छातीत धडधडतं. मी त्यांना वेगळं लिहिते आहे. तुझ्यावर ओरडतील तेव्हा तू स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपट, मी इथून तेच करीन.

जावईबापूंना सांग, एका कानाने ऐकलेलं दुसऱ्या कानाने सोडू नका, अर्जावर सही करा.

तू खंबीर आहेस हे तुला माहीत नाही, मला माहीत आहे. भिंगरीच्या पडक्या दाताला माझा पापा.

तुझी
ताई


२ ऑगस्ट

चि. थोरलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं उपदेशपर पत्र पोचलं. बाप म्हातारा झाला की मुलींना मास्तरकी सुचते, हे आमच्या नाटक कंपनीतले आचारी सांगत असत, ते खरं निघालं. असो. मी परवानगी दिलेली नाही, पण मला विचारतंय कोण? अर्ज गेला, त्यावर जावयांची सहीही झाली, आणि पुढच्या आठवड्यात बोलावणंही आलं आहे.

आता आलंच आहे तर बाप काय हात बांधून बसेल असं वाटलं तुला? परीक्षा म्हटली की तयारी हवी. आम्ही दोघं रोज रंगीत तालीम घेतो. कोपऱ्यावरच्या शिंप्याचा भाचा याच केंद्रात जाऊन आला आहे. त्याच्याकडून मी सगळी खबर काढली. बाई चित्रं दाखवतात, शब्द विचारतात, मग मोठ्या अक्षरातली एक छोटी गोष्ट वाचायला देतात. तशा गोष्टींची पुस्तकं मी वाचनालयातून आणली. पोरगी काय तयार झाली आहे म्हणून सांगू! मी समोर बसतो, ती वाचते, कुठे अडली तर मी नुसता ओठ हलवतो, आवाजसुद्धा काढत नाही, की हिची गाडी सुरू. कंपनीतल्या भल्याभल्या नटांना एवढी समज नव्हती. नायकाला तर ओरडून सांगावं लागायचं आणि तरी तो भलतंच वाक्य म्हणायचा.

तुझी बहीण म्हणते, अण्णा, ही परीक्षा नव्हे, तपासणी आहे, यात पास व्हायचं नसतं. ऐकलं का नवीन शास्त्र? पास व्हायचं नसतं! मग काय, नापास होण्यासाठी रिक्षाने जायचं?

पोरगी एकटी आत जायला तयार नाही. म्हणून केंद्रवाल्यांनी मला खोलीत बसायची मुभा दिली आहे, गप्प बसायच्या अटीवर. गप्प बसण्यातच माझी हयात गेली, हे त्यांना काय ठाऊक? मी विंगेत असताना एकही नट उघडा पडलेला नाही. नात तर पडणारच नाही.

तू पायांची हाडं सांभाळ, इकडची काळजी करू नकोस. आहे तो आशीर्वाद पुरवून वापर, म्हातारा अजून भर घालत राहील.

तुझा
अण्णा


२० ऑगस्ट

प्रिय ताईस,
स. न. वि. वि.

तपासणीचा अहवाल आला. भिंगरीचं वाचन वयाला साजेसं आहे, वेगळ्या मदतीची गरज नाही, असं त्यात लिहिलंय.

अण्णा गल्लीभर सांगत सुटले. शिंप्याला, किराणावाल्याला, खालच्या मजल्यावरच्या बहिऱ्या आजोबांना तर तीनतीनदा. मला म्हणाले, बघ, म्हटलं नव्हतं? मीही क्षणभर खूश झाले, खोटं कशाला बोलू. वाटलं, सुटलो. मग भिंगरीला जवळ घ्यायला गेले तर ती जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसलेली. ओढून काढलं तर म्हणाली, आता बाई मला उद्यापासून वाचायला सांगतील ना? आणि तिचं पोट दुखायला लागलं.

शाळेत गेले. वर्गाच्या बाईंनी अहवाल दोनदा वाचला, मग माझ्याचसमोर भिंगरीला एक साधी ओळ वाचायला दिली. पोरीने ओळीकडे पाहिलं, बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि खाली मान घातली. बाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, मला दिसतंय, तुम्हाला दिसतंय, पण अहवाल असा असल्यावर मला काहीही देता येणार नाही. मुख्याध्यापक तर म्हणाले, म्हणजे हा निव्वळ आळस आहे. आळस! सकाळी माझ्या आधी उठून दप्तर भरणारी पोरगी ती.

घरी येताना तिने मला विचारलं, आई, मी ढ आहे का आळशी? दोन्हीतलं कमी वाईट कुठलं ते तिला हवं होतं. रस्त्यात उभं राहून मी तिला काहीतरी सांगितलं, काय ते आता आठवत नाही.

ताई, मला कळेनासं झालंय. केंद्रातल्या बाई शिकलेल्या, त्यांची चूक होईल का? की मीच आपल्या पोरीत खोट शोधत बसलेली आई आहे? हे म्हणतात, पुन्हा तपासून घेऊ. पण कारण काय देणार?

लवकर लिही. तुझं पत्र येईस्तोवर मला चैन नाही.

तुझी
धाकटी


२५ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

घाईत लिहिते आहे, बाहेर एक मोडका हात ताटकळलाय.

एवढंच सांग, तपासणीच्या वेळी अण्णा कुठे बसले होते? बाईंच्या मागे बसले असतील तर मला अहवालाचं आश्चर्य वाटत नाही. त्यांनी मला लिहिलं होतं की घरी ती अडली की ते ओठ हलवतात. मी वाचलं, हसले आणि सोडून दिलं. तुला आठवतं, शाळेतल्या पाठांतराच्या स्पर्धेत मी कविता विसरले होते आणि अण्णा पहिल्या रांगेत बसून अख्खी कविता ओठांनी म्हणत होते? मला बक्षीस मिळालं ते खरं त्यांचंच होतं. तेव्हा त्यांनी शपथेवर सांगितलं होतं की मी काही केलं नाही, आणि ते खोटं नव्हतं. त्यांचे ओठ आपोआप हलतात, त्यांनाही ठाऊक नसतं.

भिंगरीला विचार. रागावू नकोस, सहज विचार. आणि तू खोट शोधणारी आई नाहीस. मूर्खासारखं लिहू नकोस पुन्हा.

इथून कान धरते आहे, तो मायेनेच धरलाय असं समज.

तुझी
ताई


१ सप्टेंबर

प्रिय ताईस,
स. न. वि. वि.

अगदी तसंच झालं होतं.

वेणी घालता घालता विचारलं तिला. तिने काही लपवलं नाही, तिला त्यात लपवण्यासारखं वाटलंच नाही. म्हणाली, आजोबा बाईंच्या मागच्या खुर्चीत होते, बाईंच्या हातात पण तीच गोष्ट होती, आजोबांना ती दिसत होती. पुस्तकातले शब्द हलतात, आजोबांच्या ओठांवरचे बरोबर असतात, म्हणून मी तिकडचे वाचते. एवढं सोप्पं करून सांगितलं तिने. आणि अण्णांना त्या खुर्चीतून ती अक्षरं दिसली कशी? तर मीच महिन्यापूर्वी त्यांना लांबचा नवा चष्मा करून दिला. उत्तम काच घातली होती गं, दुकानातली सगळ्यात चांगली.

अण्णांना सांगितलं तेव्हा आधी भडकले. मी तोंडातून ब्र काढला नाही, म्हणाले. मी म्हटलं, ब्र नाही काढलात, बाकी सगळी बाराखडी काढलीत. तेव्हा त्यांनी उगाच ओठांना हात लावून पाहिला. मग खुर्चीत बसले ते बसलेच. संध्याकाळी भिंगरी पुस्तक घेऊन समोर आली तर म्हणाले, आज घसा बसलाय. आवाज न काढता शिकवणाऱ्या माणसाचा घसा बसला! दोन दिवस धड जेवले नाहीत. मला राग येतो, आणि त्यांची पाठ दिसली की तो राग टिकत नाही. या वयात नातीसाठी वाचनालयाच्या फेऱ्या मारणारा बाप मला कुठून मिळणार?

पण भिंगरीचं काय? पुन्हा तपासणी मागायची तर कारण द्यावं लागेल, आणि कारण म्हणजे अण्णा. जन्मात कुणाला कॉपी करू दिली नाही म्हणून मिरवणाऱ्या माणसाने नातीला उत्तरं पुरवली असं मी माझ्या हाताने लिहायचं? अर्ज दोनदा लिहिला आणि फाडला. एकीकडे बाप, एकीकडे लेक. आणि लेक विचारते, आजोबांना शिक्षा होईल का? ती म्हणते, शिक्षा होणार असेल तर मी खालच्या वर्गात बसेन, मला चालेल, तिथली मुलं छोटी आहेत, हसणार नाहीत.

मला हे चालणार नाही ताई. अण्णांना तू लिही. माझ्याच्याने बोलवत नाही.

तुझ्या शब्दाची वाट बघणारी
धाकटी


६ सप्टेंबर

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही जेवत नाही असं कळलं. उपाशी राहून काय साधतं? भिंगरीला वाटेल आपल्यामुळेच घरात सगळं बिघडलं, आणि ती पोर आधीच पुष्कळ गोष्टी स्वतःच्या माथी मारून बसली आहे.

अण्णा, तुमचंच काम तुम्हाला सांगते, रागावू नका. प्रॉम्प्टर कुणासाठी असतो? ज्याला भूमिका पाठ आहे आणि ऐन वेळी शब्द निसटला, त्याच्यासाठी. तुम्हीच सांगायचात, ज्याने संहिता हातातच घेतली नाही त्याला ब्रह्मदेवसुद्धा विंगेतून वाचवू शकत नाही. भिंगरीचा शब्द निसटत नाही अण्णा, तो तिला कधी मिळालेलाच नाही. तो कसा मिळवायचा हे शिकवणारी माणसं आहेत. पण ती अडते आहे हे त्यांना दिसलं तरच ती पुढे येणार. तुम्ही तिला पडू दिलं नाहीत. आता कुणीतरी तिला उचलायला हवं असेल, तर ती पडलेली दिसू द्या.

तुमच्यावर माझा राग नाही. ती कविता तुम्ही ओठांनी म्हटलीत म्हणून मी त्या दिवशी रडत घरी आले नाही, हे मी कधी विसरले नाही. पण मला वाचता येत होतं अण्णा.

काय करायचं ते तुम्हीच ठरवा. तुमच्या पायांशी डोकं आहे, तुमच्या हट्टापुढे मात्र नाही.

तुमची
थोरली


१२ सप्टेंबर

प्रिय ताईस,
स. न. वि. वि.

तू अण्णांना काय लिहिलंस देव जाणे. पत्र वाचून ते खिशात घातलं, काल सकाळी कंपनीचा जुना काळा कोट घालून बाहेर पडले, आणि कुठे जाताय विचारलं तर म्हणाले, प्रयोगाला. मी घाबरले. ह्यांना फोन केला, हे कुठल्याशा लिफ्टच्या टपावर! दुपारी अण्णा परत आले ते भूक लागली म्हणतच, आणि तीन पोळ्या खाल्ल्या.

केंद्रात जाऊन आले होते ताई. एकटे. तपासणीच्या बाईंना जाऊन सरळ सांगितलं, की तुमच्या परीक्षेत मुलगी वाचत नव्हती, मी वाचत होतो. बाईंना आधी कळेना. मग अण्णांनी म्हणे खुर्चीत बसून करून दाखवलं. बाई म्हणाल्या, मुलगी माझ्या खांद्यावरून मागे बघत होती, मला वाटलं लाजते आहे. त्या रागावल्या का विचारलं, तर म्हणाले, रागावल्या थोड्या, आणि स्वतःवरच जास्त. कारण म्हणून आजोबांची अनवधानाने मदत असं काहीसं लिहायला लागल्या, तेव्हा अण्णांनी त्यांना थांबवलं. म्हणाले, मदत नको, प्रॉम्प्टिंग लिहा. माझ्या धंद्याला नाव आहे.

पुन्हा तपासणी होणार आहे, नव्या गोष्टी घेऊन. अण्णा खोलीबाहेर बसणार. भिंगरीला आत एकटीने जावं लागेल, हे मी तिला सांगायच्या आत अण्णांनीच सांगितलं. काय सांगितलं ते दोघांपैकी कुणी मला सांगत नाही.

मी आज दुकानात दोन गिऱ्हाइकांचे चष्मे अदलाबदल करून दिले. दोघंही म्हणाले, छान दिसतंय! आता बोल.

तुझ्या हाताला साखर लागो,
धाकटी


२६ नोव्हेंबर

चि. थोरलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बहिणीला पत्र लिहायला फुरसत नाही. ती दिवसभर लोकांचे चष्मे परत घेते आहे. तेव्हा हकीगत माझ्याकडून ऐक.

तपासणीच्या दिवशी मी खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. दार लोटलेलं होतं. आत बाईंचा आवाज आला, मग भिंगरीचा, मग थांबला. थोरले, रंगभूमीवर शांतता पसरली म्हणजे काय ते तुला सांगायला नको. ती शांतता भरून काढण्याचा मी पगार घेत होतो. माझे ओठ हलायला लागले. आत काय वाचायला दिलं आहे मला माहीत नाही, तरी हलायला लागले! खिशातून रुमाल काढला आणि तोंडात कोंबला. समोरून एक शिपाई गेला, त्याला वाटलं म्हाताऱ्याचा दात दुखतो आहे, तो पाणी घेऊन आला. आणि आत शांतताच. माझी पोर आत एकटी उभी आहे आणि मी काही करत नाही, याहून अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. रडलो म्हण हवं तर, शिपायाने पाहिलंच आहे.

मग ती बाहेर आली, चांगली ताठ चालत. मला म्हणाली, आजोबा, तुम्ही सांगितलं होतं तसं मी बाईंना सांगितलं, की मला येत नाही. बाईंनी विचारलं कधीपासून, मी म्हटलं, पहिल्यापासून. आणि बाई रागावल्याच नाहीत. रिक्षात माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. पोट दुखतंय का विचारलं तर झोपेतच नाही म्हणाली.

अहवालात डिस्लेक्सिया असं लिहिलं आहे. मी तो शब्द आता बिनचूक म्हणतो, गल्लीत ज्याला ऐकायचा त्याला ऐकवतो. बहिऱ्या आजोबांना अजून समजलेला नाही, पण त्यांनाही आनंद झाला. खालच्या वर्गात बसवणं रद्द झालं. मुख्याध्यापकांनी आळस हा शब्द मागे घेतला नाही, पण पुन्हा काढलाही नाही. वेगळ्या शिक्षिका येतात, लाकडी अक्षरांवरून तिची बोटं फिरवून घेतात. परीक्षेत प्रश्न वाचून दाखवायला हिला माणूस मिळणार. म्हणजे चक्क मान्यताप्राप्त प्रॉम्प्टर! मी त्या जागेसाठी अर्ज केला. नातेवाईक चालत नाही म्हणाले. अनुभवाची या जगात किंमत नाही.

संध्याकाळी आम्ही अजूनही वाचायला बसतो, पण मी आता तिच्या शेजारी बसतो, समोर नाही. काल तिने नवं पुस्तक उघडलं. मी कधी न पाहिलेलं, तिने कधी न ऐकलेलं. पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि अडली. चहा निवला. तुझी बहीण दारात येऊन उभी राहिली, जावई हातातला पाना तसाच धरून थांबले. माझा जीव ओठांवर आला, आणि आला म्हणजे खरोखरच आला असावा, कारण पोरीने पुस्तकावरून नजर न काढता डावा हात वर केला आणि माझ्या तोंडावर ठेवला. शाईने बरबटलेला हात तिचा! तो तसाच ठेवून, उजव्या हाताचं बोट अक्षराअक्षरावरून सरकवत, तिने तो शब्द वाचला. मग पुढचा. ओळ पुरी झाली तेव्हाच हात काढला.

ओठांवरची शाई मी आज सकाळपर्यंत धुतली नव्हती. तुझी बहीण म्हणाली, अण्णा, तोंड धुवा, शोभत नाही.

माया होती तेवढीच आहे, फक्त आता ती गप्प बसायला शिकते आहे. तुझ्या पत्राची वाट पाहतो.

तुझा
अण्णा